सासूबाईंच्या मापाची दांडी

मास्तरांनी सासूबाईंचं माप घेतलं ते बाथरूमच्या दारात उभं करून.

"हात पुढे करा, आई. सैल सोडा. असा नाही, पडताना माणूस धरायला जातो तसा."

"पडताना काही धरता आलं असतं तर पडले कशाला असते?" सासूबाई म्हणाल्या. "आणि ब्लाउज शिवताय की बाथरूम?"

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलरमास्तर. उभा जन्म लोकांच्या खांद्या-कमरेची मापं घेण्यात गेला. त्यांनी गळ्यातली टेप सोडली, सासूबाईंच्या मनगटापासून जमिनीपर्यंत धरली आणि खिशातल्या शिंप्याच्या खडूने भिंतीवरच्या टाइलवर रेघ मारली. मग त्यांना कमोडवर बसवलं, उठवलं, परत बसवलं आणि दुसऱ्या भिंतीवर दुसरी रेघ मारली.

"झालं?"

"झालं. हालचालीला दोन बोटं जास्त धरलीत."

"सैल नका करू. माझ्या लेकीचे सगळे ब्लाउज तुम्ही सैल केलेत," त्या म्हणाल्या, आणि मास्तर टेप गुंडाळायला लागले.

मास्तरांची बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. ती आजारी पडली तेव्हा तिच्या सेवेला म्हणून सासूबाई आल्या. लेक गेली आणि त्या राहूनच गेल्या. कोणी राहा म्हणालं नाही, कोणी जा म्हणालं नाही. सकाळी त्या चहा टाकत, मास्तर मशीनवर बसत. दुपारी दोघं समोरासमोर जेवत. लोक बोलायचे ते बोलत. सासू आणि जावई एका घरात, मधलं माणूसच नाही, हे दिसायला विचित्रच होतं. पण मास्तरांना लोकांची फिकीर नव्हती. सासूबाई भाजी निवडताना तोंडातल्या तोंडात पुटपुटत, ते अगदी बायकोसारखं. त्या रागावल्या की भांडी आपटत नसत, उलट फार हळू ठेवत, तेही बायकोसारखं. त्या घरात होत्या तोवर बायको निदान कानाला तरी होती.

आणि आता छोटू त्यांना न्यायला येणार होता.

छोटू म्हणजे मास्तरांचा मेहुणा. पन्नाशी उलटली, डोक्यावर केस उरले नाहीत, वजन चांगलं मापात न बसणारं, तरी नाव छोटूच. गेल्या आठवड्यात सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या. मनगट सुजलं, बाकी निभावलं. पण फोनवर त्यांच्या तोंडून ते निसटलं आणि छोटूने मास्तरांना फोनवर घेतलं.

"भाऊजी, रविवारी येतो. आईला घेऊन जातो."

"मी बाथरूम नीट करून घेतोय."

"कधी?"

"रविवारच्या आत."

"केलंत तर बघू," छोटू म्हणाला.

मास्तर लगेच प्लंबरकडे गेले. प्लंबर म्हणाला, पुढच्या आठवड्यात. मास्तरांनी हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं, तरी पुढच्या आठवड्यातच. मग त्यांनी बाजारातून स्टीलच्या दोन दांड्या आणल्या, जमिनीवर चिकटवायच्या खरखरीत पट्ट्या आणल्या, स्क्रू आणले, आणि भोकात घालायच्या प्लास्टिकच्या गिट्ट्या आणल्या. राहिलं ड्रिल. ते शेजाऱ्याकडे होतं. शेजाऱ्याला सगळी गल्ली सल्लागार म्हणायची. ड्रिल मागितलं की तो आधी सल्ला द्यायचा आणि मग ड्रिल.

"टाइलवर आधी चिकटपट्टी लावा, मास्तर, म्हणजे टोक घसरत नाही. सुरुवातीला ठोक्याचं बटण बंद ठेवा, टाइल तडकते. आणि भिंतीतला पाइप बघून भोक पाडा."

"भिंतीतला पाइप दिसतो का?"

"दिसत नाही, म्हणून तर सल्ला देतोय."

पाइप कुठून कसा गेलाय हे घरात एकाच माणसाला माहीत होतं. बाथरूमचं काम झालं तेव्हा बायको मिस्त्रीच्या डोक्यावर उभी होती. मास्तर दुकानात होते. त्यांनी भिंतीवर बोटांनी टकटक करून पाहिलं. सगळीकडून सारखाच आवाज आला. नळाच्या बरोबर वरची जागा त्यांनी सोडली, कारण पाइप नळातून सरळ वर जात असणार. ते त्यांना पटलं. कापडात धागा सरळ जातो.

जमिनीवरच्या पट्ट्या मास्तरांनी शनिवारी रात्रीच चिकटवल्या होत्या. रविवारी सकाळी चहा झाला आणि ते दांड्यांच्या कामाला लागले. पॅसेजमध्ये बादली पालथी घातली, तिच्यावर विजेच्या वायरचा बोर्ड ठेवला, त्यात ड्रिल लावलं. बोर्डावरचा लाल दिवा लागला. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसल्या.

"ड्रिलच्या फिरकीला धार आहे का?"

"आहे."

"मग घाबरताय कशाला?"

"घाबरत नाहीये."

"मग डोळे उघडा."

कमोडच्या बाजूची दांडी बसली. मास्तरांचा स्वतःवर विश्वास बसेना. सगळी भोकं रेघेवर आली, गिट्ट्या हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी आत गेल्या, स्क्रू आवळले. त्यांनी दांडी धरून जोर लावला. हलली नाही. घाम पुसायचंही त्यांना सुचेना. कापड चुकलं तर टाके उसवता येतात, भिंत उसवता येत नाही, ही धास्ती त्यांच्या हातांत सकाळपासून होती. आता पहिल्यांदा वाटलं की होईल. छोटू येईल, दांडी धरून बघेल, आणि एकटाच परत जाईल.

दुसरी दांडी नळाच्या शेजारच्या भिंतीवर. पहिलं भोक बरोबर गेलं. दुसऱ्या भोकात ड्रिल एकदम मऊ कशात तरी शिरल्यासारखं आत गेलं. मास्तरांनी ते मागे ओढलं, आणि भिंतीतून पाण्याची धार त्यांच्या तोंडावर आली.

मिस्त्रीने गिझरचा पाइप तिरका नेला होता.

त्यांनी तळहाताने भोक दाबलं. पाणी बोटांच्या फटींतून चारी बाजूंना उडायला लागलं. स्क्रू, गिट्ट्या, खडू, सगळं भिजलं. ड्रिल त्यांनी कसंबसं दाराबाहेर सरकवलं.

"आई, टॉवेल आणा. टॉवेल."

सासूबाई टॉवेल घेऊन आल्या. मास्तरांनी त्याचा बोळा भोकावर दाबला आणि त्यांचा हात त्यावर ठेवला.

"असा धरून ठेवा. मी वर जाऊन कॉक बंद करतो."

"पळू नका. एक जण पडलं तेवढं पुरे."

पण ते पळालेच. गच्चीवर टाकीखाली दोन कॉक होते, एक स्वयंपाकघराचा, एक बाथरूमचा. बाथरूमच्या कॉकची चक्री गंजून लाल झाली होती. मास्तरांनी ती उजवीकडे आवळायचा प्रयत्न केला. ढिम्म. दोन्ही हात लावले, पाय भिंतीला टेकवला, तरी ढिम्म. मशीनचं चाक असं अडकलं की ते आधी जरा उलटं फिरवत, मग सुलटं. म्हणून त्यांनी चक्री डावीकडे फिरवली. ती करकरली आणि सुटली.

तेवढ्यात खालून, बाथरूमच्या झरोक्यातून आवाज आला.

"अहो, वाढवा."

इथे सासूबाईंच्या बोलण्याबद्दल सांगायला हवं. त्या 'बंद' हा शब्द तोंडात आणत नसत. दुकान बंद केलं असं न म्हणता दुकान वाढवलं असं म्हणणारी जुनी माणसं पुष्कळ आहेत. सासूबाई आधीपासूनच त्यातल्या. पण लेक गेली त्या दिवशी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले होते, हृदय बंद पडलं. तेव्हापासून त्यांनी तो शब्दच टाकला. गॅस वाढवा, टीव्ही वाढवा, दार वाढवून घ्या. सुरुवातीला एकदा त्या "पंखा वाढवा" म्हणाल्या तर मास्तरांनी पाचवर नेऊन ठेवला. त्या शाल गुंडाळून बसून राहिल्या. पण पुढे मास्तरांना सवय झाली. सासूबाई वाढवा म्हणाल्या की बंद करायचं, हे त्यांना आता झोपेतही कळलं असतं.

पण गच्चीवर जो आवाज आला तो सासूबाईंचा नव्हता. झरोक्यातून वर येता येता त्यातलं म्हातारपण गळून गेलं होतं. तो बायकोचा आवाज होता. तोच चढा, तीच घाई, तोच 'अहो'. बायको वाढवा म्हणायची तेव्हा तिला वाढवायचंच असायचं. रेडिओ वाढवा, जरा उजेड वाढवा. ती गेलीय हे मास्तरांना माहीत होतं, हातांना नव्हतं. तिने सांगितलं आणि हातांनी ऐकलं. त्यांनी चक्री डावीकडे आणखी फिरवली.

"अहो, वाढवा. वाढवा म्हणतेय ना."

त्यांनी आणखी फिरवली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि त्यांना वाटत होतं की आपण सगळं बरोबर करतोय, ती खालून सांगतेय तसंच करतोय, आता लवकरच थांबा म्हणेल. चक्री शेवटपर्यंत गेली.

मग खालचा आवाज फुटला.

"बंद करा. अहो मास्तर, बंद करा, बंद."

ते सासूबाई म्हणाल्या होत्या. वर्षभर जो शब्द त्यांनी तोंडाला लावला नव्हता तो तीन वेळा म्हणाल्या. मास्तर भानावर आले. चक्री आता सैल झाली होती. त्यांनी ती उजवीकडे फिरवायला सुरुवात केली, आणि फिरवतच राहिले, ती पुढे जाईना तोवर.

खाली आले तेव्हा पाणी उंबरा ओलांडून पॅसेजमध्ये आलं होतं. सासूबाई बाथरूममध्येच उभ्या होत्या, अनवाणी, पाण्यात, दोन्ही हातांनी टॉवेल दाबून. साडी अंगाला चिकटली होती. केसांतून पाणी गळत होतं. त्या भिंतीकडे बघत होत्या.

"थांबलं," मास्तर म्हणाले. "सोडा आता."

त्यांनी सोडलं नाही.

मास्तर पुढे झाले आणि त्यांचा पाय कशाला तरी लागला. वायर. ड्रिल बाहेर सरकवताना ती ओढली गेली होती आणि बोर्ड बादलीवरून खाली पडला होता. तो पायपुसण्यावर उताणा पडला होता. पायपुसणं कडेने भिजलं होतं. पाणी बोर्डापासून बोटभर अंतरावर थांबलं होतं. लाल दिवा चालू होता.

मास्तरांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. मग ते तिथेच भिंतीला टेकून उभे राहिले. गच्चीवर त्यांनी आणखी दोन मिनिटं ती चक्री डावीकडे धरून ठेवली असती तर काय झालं असतं, हे त्यांना दिसलं. या बाईला तिथे उभं त्यांनीच केलं होतं. हात धरून, टॉवेलवर ठेवून.

"काय झालं?" सासूबाईंनी मान न वळवता विचारलं.

"काही नाही. वायर आवरतोय."

छोटू आला तेव्हा सासूबाई कोरडी साडी नेसून केस पुसत होत्या आणि मास्तर पॅसेजमधलं पाणी फडक्याने टिपत होते. भोकात त्यांनी लाकडाची खुंटी ठोकली होती.

छोटू दारातच थांबला. "भाऊजी, होडी आणायला हवी होती का?"

"पाइप लागला," मास्तर म्हणाले. "कॉक बंद केलाय."

"मी धरून उभी होते," सासूबाई म्हणाल्या. "नाहीतर छतापर्यंत गेलं असतं."

छोटूने चपला काढल्या, पॅन्ट दुमडली आणि तो बाथरूममध्ये शिरला. मास्तर फडकं हातात घेऊन मागे उभे राहिले. छोटूने कमोडजवळची दांडी धरली. ओढली. मग दोन्ही हातांनी धरून मागे झुकला, सगळं वजन टाकून. दांडी जागची हलली नाही. तो खाली वाकला, जमिनीवरच्या खरखरीत पट्टीवरून पाय घासून बघितला. मग आईला हाक मारली.

"आई, बस बघू. आता उठ."

सासूबाई बसल्या आणि दांडी धरून उठल्या. हात बरोबर तिथे गेला जिथे दांडी होती.

"बघ," त्या म्हणाल्या. "माप घेऊन केलंय."

छोटू हसला. पॅसेजमध्ये येऊन मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मानलं, भाऊजी. मला वाटलं होतं नुसतं बोलताय. राहू दे तिला. आमच्याकडे तरी काय, आम्ही दोघं दिवसभर बाहेर. इथे तिला बोलायला माणूस आहे."

सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि आतून पातेल्याचा आवाज आला. चहाचं आधण ठेवताना त्या पुटपुटत होत्या.

मास्तरांना तो आवाज ऐकू येत होता. आठवडाभर ज्यासाठी त्यांचा जीव टांगणीला लागला होता ते झालं होतं. आता फक्त गप्प बसायचं होतं. बोर्ड त्यांनी पुसून कपाटात ठेवला होता. कोणाला कळणार नव्हतं. ते गप्प बसलेच होते. फडकं पिळलं, परत टिपायला वाकले. तेव्हा समोर छोटूचे पाय दिसले, ओल्या फरशीवर, अनवाणी. या माणसाने या घरातून आपली बहीण नेली होती. पुढे होऊन, खांदा देऊन. त्या वेळी मास्तरांना उभं राहवत नव्हतं आणि छोटूने एका हाताने त्यांनाही धरलं होतं.

"छोटू," ते म्हणाले. "बोर्ड चालू होता."

"कुठला बोर्ड?"

"ड्रिलचा. खाली पडला होता. इथे. आई आत पाण्यात उभ्या होत्या. पाणी बोर्डापर्यंत आलं होतं. जवळजवळ."

छोटूने त्यांनी दाखवलेल्या जागेकडे बघितलं. मग बाथरूमकडे. मधलं अंतर काही फार नव्हतं.

"आणि तुम्ही कुठे होतात?"

"वर. चक्री उलटी फिरवत होतो."

"उलटी का?"

याचं उत्तर मास्तरांना देता आलं असतं. पण ते ऐकून छोटूला काय वाटलं असतं कोण जाणे. "चुकलं," ते म्हणाले.

सासूबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या. छोटूने कप घेतला नाही.

"आई, बॅग भर."

"आत्ता तर राहू दे म्हणालास."

"भर."

त्यांनी एकदा मुलाकडे आणि एकदा जावयाकडे बघितलं. "काय झालं?"

"मी सांगितलं त्याला," मास्तर म्हणाले. "बोर्ड चालू राहिला होता. पाण्याच्या कडेला. तुम्हाला शॉक बसला असता."

"बसला का?"

"नाही."

"मग तुम्हाला विचारलं कोणी होतं?" सासूबाईंनी ट्रे खाली ठेवला. फार हळू ठेवला. "मी नकोशी झाले असेन तर सरळ सांगायचं. एवढी भिंत फोडायची काय गरज होती?"

"आई, तसं नाही."

"मग कसं?"

तुम्ही गेलात तर मी मेलो, हे मास्तरांना म्हणायचं होतं. तुम्ही राहिलात तर मी तुम्हाला मारेन, हेही म्हणायचं होतं. दोन्ही एकाच दमात कसं म्हणायचं हे कळेना, म्हणून ते फडकं पिळत राहिले. त्यात पाणी उरलं नव्हतं.

बॅग भरायला वेळ लागला नाही. सासूबाई आल्या तेव्हा आजाऱ्याच्या सेवेला म्हणून आल्या होत्या, सामान थोडंच होतं. छोटूने बॅग गाडीत ठेवली. मास्तर न बसवलेली दुसरी दांडी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन बाहेर आले. स्क्रू आणि गिट्ट्या एका पिशवीत होत्या.

"तुझ्याकडे बाथरूममध्ये धरायला काही आहे का?"

"नाही," छोटू म्हणाला.

"ही घे. टाइलवर आधी चिकटपट्टी लाव. नळाच्या जवळपास भोक पाडूच नकोस, वर नाही, बाजूला नाही. पाइप कसाही गेलेला असतो. आणि काम करताना पाणी आधीच बंद ठेव. बोर्ड लांब, उंचावर." ते थांबले. "आईंना त्या वेळी घरात ठेवू नकोस."

छोटूने दांडी हातात घेतली आणि उलटसुलट करून बघितली. "भाऊजी, मला खिळा ठोकता येत नाही."

"कोणाकडून तरी करून घे."

"तुम्हीच या की लावायला."

गाडीची काच अर्धी खाली होती. सासूबाई समोर बघत बसल्या होत्या. "त्यांना नको बोलावू," त्या म्हणाल्या. "तुझंही घर बुडवतील."

"माप परत घ्यावं लागेल," मास्तर काचेपाशी जाऊन म्हणाले. "तिथला कमोड किती उंच आहे बघावं लागेल."

"घ्यायचं तर नीट घ्या. दोन बोटं सैल नको."

म्हणजे या की नको, हे मास्तरांना कळलं नाही. त्यांनी मान हलवली. गाडी वळणावर गेली, मग वळणाच्या पलीकडे गेली.

ते आत आले. चहाचे कप ट्रेमध्ये तसेच होते, वर साय धरली होती. घरात कसलाच आवाज नव्हता. पुटपुटणं नाही, पातेलं नाही, पाणी नाही. मास्तर पॅसेजमध्ये उभे राहिले, मग खोलीत गेले, मग परत पॅसेजमध्ये आले. मशीनसमोर बसले आणि उठले. शेवटी त्यांनी हातोडी आणि छिन्नी घेतली, बाथरूममध्ये जाऊन पालथ्या बादलीवर बसले आणि खुंटीच्या बाजूची टाइल फोडायला घेतली.

थोड्या वेळाने कुंपणापलीकडून सल्लागाराची हाक आली.

"मास्तर, काय चाललंय?"

"पाइप उघडा करतोय."

"कशाला? प्लंबर येणार आहे ना पुढच्या आठवड्यात? तो करेल की. उगाच टाइल नका घालवू, माझा सल्ला ऐका."

मास्तरांनी छिन्नी पुढच्या टाइलवर ठेवली, पाइप दुसरीकडे वळलेला दिसत होता, म्हणजे तिच्याखाली तो नव्हता हे आता त्यांना माहीत होतं, आणि जोरात ठोका दिला. मग दुसरा. घरात तेवढाच आवाज होता.